शशिकांत खोराटेचा पहिला विनोदी चित्रपट

पोतनीस हसला तेव्हा मला वाटलं, माणसाला ठसका लागला.

कोल्हापुरातल्या एका थेटरात सकाळी आमच्या पिक्चरची ट्रायल चालली होती. एवढ्या मोठ्या थेटरात आम्ही मूठभर माणसं. पुढं निर्माते आप्पासाहेब मगदूम, जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी, वहाणा काढून खुर्चीत मांडी घालून बसलेले. त्यांच्या शेजारी पोतनीस. हा वितरक. त्यानं पिक्चर उचलला तर तो लोकांपुढं येणार, नाहीतर आप्पासाहेबांच्या वखारीत तंबाखूशेजारी पडून राहणार. मागं पोतनीसची दोनचार माणसं. मी मधल्या रांगेत कडेला. आणि दाराजवळ, हाताची घडी घालून, दाढी खाजवत उभा असलेला आमचा दिग्दर्शक, शशिकांत खोराटे.

पडद्यावर मी होते. नऊवारी लुगडं, हातात पितळी डबा, आणि मी एस्टीच्या मागं धावत होते. गोष्ट अशी, की थोरला मुलगा घर सोडून निघून गेलाय आणि आई रोज त्याच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन स्टँडवर जाते. एक दिवस तिला सुटलेल्या गाडीच्या खिडकीत तो दिसल्यासारखा वाटतो. "दिनू, थांब रे" म्हणत ती गाडीमागं पळते. पळताना माझी एक चप्पल निघाली होती, डब्याचं झाकण उडालं होतं, आमटी लुगड्यावर सांडली होती. हे ठरलेलं नव्हतं, आपोआप झालं होतं. शशिकांतनं ते सगळं तसंच ठेवलं, कारण ते वास्तव होतं. वास्तव हा त्याचा त्या वर्षीचा आवडता शब्द.

चप्पल निघाली तिथं पोतनीसला पहिला ठसका लागला. झाकण उडालं तिथं दुसरा. मग त्याची माणसं सुरू झाली. मालक हसतोय म्हटल्यावर नोकर हसणारच. मी त्या आईच्या दुःखानं जीव काढून ओरडत होते आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या गदागदा हलत होत्या. मी शशिकांतकडं पाहिलं. त्याची घडी सुटली होती. तोंड पडलं होतं. त्या क्षणी मला त्याची कीव आली. आयुष्यात त्याची कीव येण्याची माझी ती शेवटचीच वेळ.

दिवे लागले. पोतनीस रुमालानं डोळे पुसत होता. "आप्पासाहेब, पोट दुखलं हो," तो म्हणाला. "ही बाई कुठनं पैदा केली? मधली रडारड कापा, गाणी उडवा, मी उचलतो पिक्चर."

आप्पासाहेब गोंधळले. वर्षभर त्यांना सांगण्यात आलं होतं, की हा चित्रपट बघून मराठी माणूस धाय मोकलून रडेल आणि दिल्लीला बक्षीस मिळेल. त्यांनी मागं वळून विचारलं, "शशिकांत, ह्ये इनोदी हाय व्हय?"

शशिकांतनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पोतनीसकडं. घसा साफ केला.

"अर्थातच," तो म्हणाला.

पुढचे कित्येक विनोदी चित्रपट, त्यातले जिन्यावरून घसरणारे जावई, लुगडं नेसलेले पुरुष आणि बहिरे सासरे, मग टीव्हीवरच्या मालिका, मग हास्यस्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीत बसून मांडीवर थापा मारत हसणं, आणि परवाचा तो जीवनगौरव, हे सगळं त्या एका शब्दातून निघालं. जीवनगौरवाच्या भाषणात तो म्हणाला, "महाराष्ट्राला हसण्याची गरज आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." पहिल्या दिवशी मी तिथं होते. त्याला काय ठाऊक होतं ते मी पाहिलेलं आहे.

हा गृहस्थ पुण्याहून सिनेमाचं शिक्षण घेऊन आला तेव्हा खांद्याला शबनम आणि तोंडात परदेशी दिग्दर्शकांची नावं घेऊन आला. कोल्हापूरच्या विनोदी पिक्चरांचं नाव काढलं तरी त्याला मळमळायचं. मी मिरजेला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि संध्याकाळी नाटकात कामं करायची. एका स्पर्धेत माझं काम बघून तो रंगपटात आला आणि म्हणाला, "इंदूताई, ही माझ्या आईची गोष्ट आहे. तुमच्याशिवाय कुणी करू शकणार नाही." बोलताना त्याचे डोळे भरून आले. त्याचे डोळे चहाला उशीर झाला तरी भरून येतात, हे मला पुढं समजलं.

आईची गोष्ट मात्र खरी होती. शशिकांतचा थोरला भाऊ दिनकर मॅट्रिकला नापास झाला, वडिलांनी त्याला चारचौघांत मारलं, आणि मुंबईला जातो म्हणून तो निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. वडील गेले. शशिकांत पुण्याला गेला. त्यांची आई, आक्का, एकटी गारगोटीला राहिली. भूमिका शिकायची म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडं जाऊन राहिले.

तिच्यात शिकण्यासारखं काही दिसतच नव्हतं. सकाळी स्वयंपाक करायची, डबा भरायची, दुपारी स्टँडवर जाऊन कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीसाठी बाकावर बसायची. पदर डोक्यावर, हात डब्यावर. गाडी आली की उतरणाऱ्या प्रत्येकाकडं एकदा बघायची. सगळे उतरले की ड्रायव्हरकडंही बघायची. मग डबा कुणालातरी द्यायची, एखाद्या हमालाला, नाहीतर कॉलेजच्या पोराला, आणि घरी यायची. रडणं नाही, उसासा नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "अन्न परत घरी न्ह्यायचं न्हाई, एवढंच." निघताना तिनं पेटीतून एक जुनं लुगडं काढून माझ्या हातात दिलं, पोफळी रंगाचं, रुंद लाल काठाचं. "पिक्चरमदी हेच नेस," म्हणाली. "दुसरं नेसू नगंस."

मी शशिकांतला सांगितलं, आक्का कधी पळत नाही. ती बसते. तसंच दाखवू या.

"सिनेमा म्हणजे हालचाल, ताई," तो म्हणाला. "बसलेली बाई कोण बघणार?"

त्याच्या शोकांतिकेतही ती आक्का नव्हतीच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ट्रायलनंतर कात्री चालली. माझा स्टँडवरचा निवांत प्रसंग, जो मला जमला होता असं मला अजून वाटतं, तो उडाला. एस्टीमागं धावणं मात्र तीन ठिकाणी आलं, तेही फिल्म भरभर पळवून, म्हणजे मी कोंबडीसारखी तुरुतुरु पळताना दिसेन. झाकण उडताना 'टुंईं' असा आवाज घातला. नाव बदलून 'सुटली एस्टी' केलं. मग शशिकांतनं मला परत डबिंगला बोलावलं. दाढी काढून टाकली होती. दाढीबरोबर ती परदेशी नावंही गेली.

त्याचं म्हणणं साधं होतं. 'दिनू, थांब रे' ही हाक चिरक्या आवाजात पाहिजे. शेवटी थोडी उचकी आली तर फारच छान.

मी विचारलं, "आक्काला काय सांगणारेस?"

"आक्का कुठं सिनेमा बघते?"

"आणि दुसरं कुणी बघितलं आणि तिला जाऊन सांगितलं तर?"

त्यानं मला समजावलं. हा धंदा आहे. आप्पासाहेबांचे पैसे आहेत. पंचवीस माणसांची पोटं आहेत. जगातलं सगळं श्रेष्ठ विनोदी साहित्य दुःखातूनच आलेलं आहे. ही चारही वाक्यं त्यानं एका दमात म्हटली, म्हणजे गाडीत बसून पाठ करून आला होता.

"शशिकांत," मी म्हटलं, "ती हाक मी आक्काच्या घरात बसून शिकलेय. ती एकदाच, झोपेत, अशी ओरडली होती. मी ऐकलीय. ती मी चिरकी करणार नाही."

"तुम्ही नाटकवाले भारी भावनाप्रधान," तो म्हणाला. आणि त्यानं बायकांचे आवाज काढणारा एक नकलाकार बोलावला. पडद्यावर माझा चेहरा आणि त्या बाप्याचा आवाज, असा तो पिक्चर लागला आणि तुफान चालला.

त्यानंतर माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. मिरजेत भाजी घ्यायला गेले की मागून पोरं ओरडायची, "मावशी, एस्टी सुटली." वर्गात मुली हातशिलाईवर माना घालून खुसखुसायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावून शाळेच्या प्रतिष्ठेबद्दल चार शब्द ऐकवले आणि जाता जाता, मुलांसाठी फोटोवर सही मागितली. नाटकाचे लोक गंभीर भूमिका द्यायचे बंद झाले, कारण मी रंगमंचावर आले, की प्रेक्षक माझ्या पायांकडं बघायचे, आता पळेल म्हणून.

अशात एक दिवस शशिकांत पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या घरी आला. गारगोटीकरांनी गावच्या सुपुत्राचा सत्कार ठरवला होता. तिथल्या टॉकीजमध्ये पिक्चर, आणि मध्यंतरात सत्कार. ते ठीक होतं. पण पुढाऱ्यांना वाटलं, सुपुत्राबरोबर मातेलाही शाल-नारळ द्यावा. आक्का हो म्हणून बसली होती. शशिकांतचा चेहरा उतरला होता.

"ताई, तुम्ही या," तो म्हणाला. "तुमच्यावर तिचा जीव आहे. मध्यंतरापर्यंत तिला घरी गप्पांत गुंतवा. मध्यंतराला घेऊन या, नारळ दिला की घेऊन जा. पडदा तिच्या नजरेला पडता कामा नये."

मी गेले. त्याच्यासाठी नाही.

पण गुंतवणार कुणाला? मी पोचले तेव्हा आक्का धुतलेलं लुगडं नेसून, कुलूप हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. "चल, पुढची जागा मिळाया पायजे," म्हणाली. मी म्हटलं, आक्का, नंतर जाऊ, गर्दी असते. "गर्दी असूं दे की," ती म्हणाली. "पिक्चर बघायचंय मला. त्याच्यासाटीच तर दिलं लुगडं."

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. शशिकांत पहिल्या रांगेत पुढाऱ्यांच्या मधे होता. त्यानं मागं वळून पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. पण तोवर दिवे गेले होते.

थेटर तुडुंब होतं. मी पडद्यावर दिसताच शिट्ट्या सुरू झाल्या. मी धावायला लागले आणि लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. आक्का न हलता बघत होती. जरा वेळानं माझ्याकडं कलून तिनं विचारलं, "तू का पळतीयास?"

"शशानं पळवलं, आक्का."

"आवाज तुजा न्हवं."

"नाही."

मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला, स्टँडवर डब्यावर ठेवायची तसा.

मध्यंतर झालं. शशिकांतला फेटा बांधला, शाल दिली. आक्काला शाल-नारळ दिला. पुढारी माईकवर म्हणाले, आता मातेनं आशीर्वादाचे दोन शब्द बोलावेत. शशिकांत घाईघाईनं म्हणाला, तिला सवय नाही. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आक्का, मिळालेला नारळ एका हातानं सावरत, माईकपाशी जाऊन उभी राहिली.

"शशा म्हनला, पिक्चर गावोगाव जातंय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "म्हनून म्या लुगडं दिलं. माजा थोरला गेला तवा त्येच नेसले हुते. कुटंतरी त्यो बघंल, लुगडं वळखंल, असं वाटलं." मग तिनं थेटरभर नजर फिरवली, जसा काही तो तिथंच कुठंतरी बसला असावा. "दिनू, ह्यातली मी न्हवं रं बाबा. मी पळत न्हाई. मी बसूनच असते."

थेटर हसलं. वाईट माणसं नव्हती ती. त्यातल्या पुष्कळांना आक्का ठाऊक होती, कित्येकांनी तिच्या हातचा डबाही खाल्ला असेल. पण तिकीट काढून हसायला आलेला माणूस एकदा हसायला लागला, की मधेच थांबत नाही. 'दिनू' म्हटल्याबरोबर त्यांना तो नकलाकार आठवला आणि ते पुन्हा हसले.

मी शशिकांतकडं पाहत होते. एवढी एक वेळ होती. त्यानं माईक हातात घेऊन एक वाक्य नीट बोललं असतं, तरी मी त्याला बाकी सगळं माफ केलं असतं. त्यानं माईक घेतला. फेटा सारखा केला.

"विनोद माझ्यात कुठून आला," तो म्हणाला, "हे आता कळलं ना तुम्हाला?"

काय टाळ्या पडल्या. आक्का शांतपणे खाली उतरली आणि आम्ही घरी आलो. मी संतापानं चपला भिरकावल्या. तीच म्हणाली, "शशा ल्हानपणापास्नं आसाच. बाप मारायला उठला की कायतरी येडंवाकडं करून त्येला हसवायचा. दिनूला न्हाई जमायचं ते. त्यो मार खायाचा."

उन्हाळ्याच्या सुट्टीला थोडे दिवस उरले असताना, शाळा सुटल्यावर फाटकापाशी एक माणूस उभा दिसला. डोक्याचे केस गेलेले, हातात रेक्झिनची पिशवी. "एस्टीमागं पळणाऱ्या बाई तुमीच काय हो?" त्यानं विचारलं. असल्यांची मला सवय झाली होती. मी त्याला सरळ झापलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी दिनू."

तो मुंबईला गेलाच नव्हता. कोल्हापूरला उतरून, भीतीनं वाट फुटेल तिकडं म्हणून बेळगावला गेला, शिंप्याच्या दुकानात राहिला, आता स्वतःचं दुकान होतं. बायको होती, दोन मुली होत्या. सगळे मिळून पिक्चरला गेले होते. धाकटी तर हसून हसून उचक्या द्यायला लागली होती.

"मी पण हसलो, बाई," तो खाली बघत म्हणाला. "मग लुगड्याचा काठ दिसला. मग माझं नाव ऐकलं." पोस्टरवर माझं नाव आणि मिरज असं होतं, तेवढ्यावर तो शोधत आला होता. त्यानं विचारलं, "आई खरंच अशी पळती काय?"

"नाही," मी म्हटलं. "पण बेळगावहून गारगोटी म्हणजे काय लंका नव्हे. इतकी वर्षं काय करत होतास?"

वडील होते तोवर भीती वाटायची, म्हणाला. ते गेल्याचं कळलं तेव्हा लाज वाटली. मग पुढं सवय झाली. हे शेवटचं इतकं साधेपणानं म्हणाला, की माझ्या हातात शिवणाची कात्री नव्हती हे बरंच झालं. दोन लेक त्या बाईचे. एक तीन-चार तासांच्या वाटेवर राहून आला नाही, दुसऱ्यानं तिला पडद्यावर आणून पळवली. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. रविवारी सकाळी मिरज स्टँडवर ये, एवढंच बजावलं.

तो आला. कोल्हापुरात गाडी बदलून आम्ही दुपारच्या त्याच गाडीनं गारगोटीला पोचलो. मी खिडकीतून बघितलं. आक्का बाकावर होती. माणसं उतरायला लागली. दिनकर जागचा हलेना. समोरच्या सीटचा दांडा धरून बसला. शेवटी कंडक्टर ओरडला आणि मी त्याच्या पाठीला हात लावून त्याला ढकलला. सगळ्यांच्या शेवटी तो उतरला.

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं, जसं सगळ्यांकडं बघायची तसंच. मग तिची नजर नेहमीसारखी ड्रायव्हरकडं गेली. आणि मग परत आली.

मला वाटलं ती उठेल. ती उठली नाही. बाकावर थोडी सरकली आणि त्याला जागा केली. तो बसला. तिनं डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो रडत रडत जेवला. आजूबाजूला माणसं जमली. जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "कुटं हुतास?"

"बेळगावला."

आक्कानं रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग माझ्याकडं बघून, स्वतःच्याच हातून चूक झाल्यासारखी ओशाळून म्हणाली, "बेळगावची गाडी पल्याडल्या बाजूला लागती गं. मी इतकी वर्सं हिकडं बसत हुते."

तिथं कुणीही हसलं नाही. चहाच्या गाड्यावरच्या माणसानं स्टोव्ह बारीक केला, एवढंच.

शशिकांत तेव्हा दुसऱ्या पिक्चरसाठी कोल्हापुरातच होता. कुणीतरी त्याला फोन केला असावा. ऊन उतरायच्या आत आप्पासाहेबांच्या मोटारीतून तो दारात हजर झाला, बरोबर साप्ताहिकाचा एक फोटोग्राफर. भावाला मिठी मारली. मिठी जरा लांबवली, कारण फोटोग्राफरला रोल बदलायचा होता. डोळे भरून आलेच. "माझ्या सिनेमानं माझा भाऊ परत आणला," असं तो दोनदा म्हणाला, एकदा आम्हाला आणि एकदा फोटोग्राफरला.

मग ओसरीवर चहा झाला. शेजारच्या बाईनं त्याला स्टँडवरची सगळी हकीकत सांगितली आणि सांगता सांगता आक्काचं ते बेळगावच्या गाडीचं वाक्यही सांगितलं.

शशिकांत हसला. मी त्याला पडद्यासाठी हसताना, पुढाऱ्यांसाठी हसताना, पोतनीससाठी हसताना पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. हे पोटातून आलेलं, खरं हसू होतं. बशीतला चहा हिंदकळला.

"आक्का, परत म्हण," तो म्हणाला.

आक्काला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं परत म्हटलं. तो परत हसला आणि मांडीवर थाप मारली. दिनकरही थोडासा हसला, मोठा साहेब झालेल्या धाकट्या भावाचा मान राखायला हसावं तसा. शशिकांतनं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं, पेन काढलं आणि पाकिटावर ते वाक्य लिहून घेतलं. पुढं टीव्हीवरच्या त्याच्या पहिल्या मालिकेत एका बावळट म्हातारीच्या तोंडी ते आलं. वर रेकॉर्ड केलेलं हसू घातलं होतं. अजून लोक ते एकमेकांना ऐकवतात.

मी माझी पिशवी उचलली. शेवटच्या गाडीला वेळ होता, पण मला त्या ओसरीवर बसवेना. आक्काला नमस्कार करायला मी वाकले, तर तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती शशिकांतकडं बघत होती. गाडीतून उतरणाऱ्या माणसाकडं बघायची, तशी.

"शशा," ती म्हणाली, "तुजी गाडी कुटल्या बाजूला लागती रं? सांग, म्हंजे उद्यापास्नं तितं बसते."

दिनकरनं मान खाली घातली. शशिकांतनं क्षणभर आईकडं पाहिलं, खिशात ठेवलेलं पाकीट पुन्हा बाहेर काढलं, आणि तेही लिहून घेतलं.